पंधरा वर्षांचा उपवासकाळ

वसईतल्या ख्रिस्ती घरांत येशूच्या तसबिरीमागे खोचलेली झावळी वर्षभर तशीच असते. आधी हिरवी, मग पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी हात लागला तरी मोडणारी. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद देऊन वाटलेलं हे पान कचऱ्यात टाकत नाहीत. पुढचा उपवासकाळ जवळ आला की वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत जातात, तिथे जाळल्या जातात आणि त्यांची राख राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर लागते. जेरुसलेमच्या वेशीवरचा येशूचा जयजयकार आठवायला जे पान हातात धरलं होतं, तेच पुढच्या वर्षी माणसाला त्याच्या मातीची आठवण करून देतं.

या बुधवारपासून ईस्टरपर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उरतात चाळीस. येशूने अरण्यात काढलेले तेवढेच दिवस. ईस्टरची तारीख इसवी सन ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेनंतर रूढ झालेल्या नियमाने ठरते. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा पाहायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये येतो. मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटू नये. २०२४ मध्ये धुळवडीनंतर सहाव्या दिवशी ईस्टर होता, २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतर आठव्या दिवशी. चंद्र एकच, सण वेगवेगळे.

या काळात प्रार्थनेतून ‘आलेलुया’ हा आनंदाचा शब्दच गायब होतो. पाद्रींच्या अंगावर जांभळी वस्त्रं येतात. दर शुक्रवारी क्रूसाची वाट चालतात, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासाच्या चौदा स्थानांपाशी थांबत, गुडघे टेकत पुढे जायचं. आधीच दुःखात असलेल्या माणसाला आणखी सहा आठवडे दुःखाचीच कथा ऐकवून त्याला दिलासा मिळतो तरी कसा? याचं एक उत्तर पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक मराठीत आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, याच मुलखात राहिला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या चरित्राचं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या भाषणांतून नेहमी ऐकू येतात. त्या मानाने पुस्तकाच्या आरंभी येणारा एक संवाद कमी लोकांना ठाऊक असतो. गोव्यातल्या साष्टीतला एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला तशीच दुसरी का करून देत नाही?

हा प्रश्न साधा नाही. १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं होतं. ज्यांच्या घरातली पोथी गेली होती, त्यांची रिकामी जागा या प्रश्नात बोलते. स्टीफन्सने तो प्रश्न पुस्तकात ठेवला आणि उत्तरादाखल पुराण रचलं. त्यासाठी त्याने निवडली ओवी. जात्यावर बसलेली बाई माहेरची आठवण, सासरचा जाच, मेलेल्या लेकराचा शोक ज्या छंदात गाते, त्याच छंदात आता येशूच्या आईचा, मरियेचा शोक आला. मराठी कानाला त्यात रडण्याची ओळखीची जागा सापडली.

याच परंपरेत १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ दे गिमारांइश याने येशूच्या दुःखसहनावर आणि मरणावर मराठी पुराण रचलं. रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ मुंबई, तिच्या शेजारची साष्टी आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांत रुजला. उपवासकाळात तो मोठ्याने वाचायचा, गायचा प्रघात पडला. एकोणिसाव्या शतकातही मुंबईत त्याच्या आवृत्त्या निघत होत्या.

गोव्यात मात्र वारं फिरलं. २७ जून १६८४ च्या फर्मानाने तिथल्या लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम झाला. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ते वाचलं हस्तलिखितांमुळे. दुष्काळ, लढाया आणि इन्क्विझिशनला कंटाळून गोव्याचे ख्रिस्ती दक्षिणेकडे कानड्यात सरकले. त्यांच्याबरोबर या ओव्याही गेल्या, आणि तिथेच त्यांची खरी परीक्षा झाली.

१७८४ चा राखेचा बुधवार. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांना मदत केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानाने मंगळूर आणि आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांना त्या सुमारास पकडलं. घाट चढवून त्यांना श्रीरंगपट्टणला नेलं. वाटेतच कितीतरी जण मेले. मागे चर्चं पाडली गेली. मंगळूरचं मिलाग्रिस चर्च त्यातलंच. गोव्याहून आलेल्या पाद्रींना हद्दपार केलं गेलं. पाद्री नाही म्हणजे मिस्सेची उपासना नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला तेल लावायला कुणी नाही. राखेने सुरू झालेला हा काळ चाळीस दिवसांत संपला नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा त्यातून वाचलेले लोक परतू लागले. मधे सोळा ईस्टर येऊन गेले होते.

त्या पंधरा वर्षांत श्रद्धा टिकली ती क्रिस्तपुराणाच्या पाठ ओव्यांमुळे, असं मंगळूरकडची परंपरा सांगते. बोली कोकणी, ओव्या मराठी. पण म्हणायला अडचण नव्हती. चर्च पाडता येतं, पुस्तक जाळता येतं, पाद्रीला हद्दीबाहेर काढता येतं. तोंडपाठ असलेलं काढून घेणं अवघड. शिवाय पाठ होतं त्यात काय होतं, हेही पाहायला हवं. ‘सगळं ठीक होईल’ असं ती कथा सांगत नव्हती. अटक, खोटे साक्षीदार, पळून गेलेले मित्र, वाटेवर तीनदा पडलेला माणूस, पायथ्याशी उभी आई, असा एकेक मुक्काम ती घेत होती. घाटातून हाकलत नेलेल्या माणसाला ही वाट कुणी समजावून सांगायला नको होती. आपल्या आधी कुणीतरी इथून गेलं आहे आणि त्याची गोष्ट शुक्रवारी संपलेली नाही, एवढा आधार त्यात होता.

मंगळूरकडे जपलेल्या हस्तलिखितांच्याच बळावर जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये क्रिस्तपुराण पुन्हा छापलं.

त्यानंतर काही वर्षांनी महाराष्ट्रात आणखी एक ख्रिस्तकथा मराठी छंदात उतरत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि मे १९१९ मध्ये ते गेले. काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला तेव्हा ती दुखावून वेगळी राहिली होती आणि मग स्वतःच्या वाटेने त्याच श्रद्धेपाशी आली होती. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातली त्यांची मिस्कील नजर सर्वांना माहीत आहे. पण येशूच्या क्रूसापर्यंतचा बहुतेक रस्ता ओवीत बांधायचं काम त्यांनी वैधव्यात केलं, हे सहसा लक्षात येत नाही. शेवटचा हात त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी फिरवला.

कथा हळू सांगायची ही रीत चर्चच्या विधींतही आहे. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. त्यांच्या जागी लाकडी खटका येतो. गोव्यात त्याला मात्राक म्हणतात. पाटीवर लाकडी किंवा लोखंडी कडी आपटते आणि कोरडा, हाडं वाजल्यासारखा आवाज येतो. शुभ शुक्रवारी मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये ख्रिस्ताची मूर्ती क्रूसावरून खाली उतरवतात. त्यासाठी मूर्तीचे हात खांद्यात वळतील असे घडवलेले असतात. पालखीसारख्या डोल्यातून तिची मिरवणूक निघते आणि मोतेत नावाची संथ शोकगीतं गातात. पुढचा शनिवार रिकामाच. कुणी त्याची घाई करत नाही.

२०२० मध्ये हा रिकामा शनिवार फार लांबला. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर, दोन्ही करोनाच्या टाळेबंदीत गेले. त्याआधी २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या, निर्मनुष्य सेंट पीटर चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करताना जगाने पाहिले. वसईत आणि गोव्यात मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. अनेक घरांत माणसं शेवटचं तोंड न बघता पुरली गेली. त्यांच्या शोकाला मिरवणूक मिळाली नाही, मोतेत मिळालं नाही. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, राख कपाळाला न लावता डोक्यावर वरून भुरभुरवावी, अशी सूचना व्हॅटिकनकडून आली. स्पर्श टाळला, राख टाळली नाही.

ईस्टरच्या रात्री चर्चचे सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात शेगडी पेटते आणि तिच्या विस्तवावर मोठी पास्कामेणबत्ती लावतात. त्याआधी पाद्री टोकदार सळईने मेणावर क्रूस कोरतात, त्याच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे कोरतात आणि उदाचे पाच खडे जखमांच्या जागी रोवतात. अंधाऱ्या चर्चमध्ये आधी तेवढी एकच ज्योत शिरते. तिच्यावरून शेजारच्याची मेणबत्ती, तिच्यावरून मागच्याची. मेण बोटांवर ओघळतं, लहान मुलांचे केस सांभाळावे लागतात. गौरवगीत सुरू होताच दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजतात आणि मात्राक पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जातं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर माणसं घरी परततात. तसबिरीमागे आठवड्यापूर्वी खोचलेली नवी झावळी असते, अजून हिरवी, देठाशी ओलसर.