जुन्या घराला नवी खोली

घरात सून येते, नातवंडं होतात आणि घर अपुरं पडू लागतं. मग जुन्या घराला लागून एक खोली काढायचं ठरतं. आपल्या बीड जिल्ह्यात अजून पुष्कळ घरं दगड-मातीची आहेत. काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. अशा घरी मुलगा म्हणतो, "जुनं पाडून टाकू." म्हातारा म्हणतो, "वाडवडिलांचं घर मी पाडू देणार नाही." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. जुनं राखून त्याला नवं जोडता येतं. पण ते जोडायचं कसं, हे आधी समजून घ्यावं लागतं. तेच आम्ही इथे सांगणार आहोत.

प्रथम आपली जुनी भिंत ओळखा. ती बाहेरून एक दिसते, पण असते दोन अंगांची. एक अंग बाहेरचं, एक आतलं. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि माती भरलेली असते. दोन्ही अंगांना बांधून धरणारे लांब दगड नसतील, तर ही अंगं हळूहळू एकमेकांपासून सुटतात. मग भिंतीला पोट येतं.

याचा परिणाम आपण सर्वांनी पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतीचं विसर्जन झालं होतं. लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत हजारो माणसं दगावली. दगडी भिंती फाकल्या आणि माळवदाची जड माती अंगावर आली. दगड वाईट नव्हता. बांधणी सैल होती आणि डोक्यावरचं ओझं फार होतं. म्हणून जुन्या घराचं रूप घ्यावं, पण त्याचे दोष घेऊ नयेत.

आता रूप कसं जुळवायचं ते पाहू. जुन्या भिंतीला दोरी लावून दगडांच्या थरांची उंची मोजा. नव्या भिंतीचे थर तेवढेच ठेवा. जोत्याची उंची आणि दारं-खिडक्यांचा वरचा काठ एका रेषेत येऊ द्या. दगड त्याच भागातल्या खाणीचा आणा. ताजा फोडलेला दगड निळसर-काळा दिसतो. ऊन-पाऊस खाल्लेला दगड तांबूस दिसतो. आवारात पडक्या भिंतीचे जुने दगड असतील, तर ते दर्शनी बाजूला लावा आणि नवे मागे लावा. पहिली काही वर्षं रंगात फरक दिसेल. त्याची काळजी करू नका.

पायाच्या बाबतीत घाई नको. गोदाकाठी, गेवराई-माजलगावकडे, जमीन काळी आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काळ्या मातीतच पाया थांबवला, तर खोली हलणारच. काळी माती खणून खालच्या कठीण मुरमापर्यंत जा. बालाघाटच्या डोंगराकडे मुरूम लवकर लागतो. तिथे हा खर्च कमी येतो.

नवी भिंत जुन्या भिंतीत दात घालून अडकवू नका. जुनं घर बसायचं तेवढं कधीच बसलेलं आहे. नवी खोली बांधल्यावर थोडी खाली बसते. दोन्ही एकत्र जखडली, तर जोडावर तडा जातो. म्हणून नव्या खोलीला तिची स्वतःची चौथी भिंत द्या. दोन भिंतींमध्ये निदान एक इंचाची फट ठेवा. पाणी आणि उंदीर जाऊ नयेत म्हणून फटीवर पत्र्याची पट्टी लावा. पट्टी एकाच बाजूला ठोका.

नव्या दगडी भिंतीची जाडी दीड फूट पुरे. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, आरपार जाणारा लांब दगड घाला. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवा. कमरेला करदोटा बांधावा, तसा तो घराला बांधून धरतो.

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. मग खार फुटतो, आतली माती सुटते आणि गिलावा पापुद्र्यासारखा गळतो. दर्जा मातीने किंवा चुन्याने भरा. नव्या भिंतीसाठी एक घमेलं सिमेंट, दोन घमेली चुना आणि नऊ घमेली वाळू असा माल चालतो.

छपराचं मात्र अनुकरण नको. नव्या खोलीवर मातीचं माळवद घालू नका. हलका पत्रा घाला. स्लॅब टाकायचा असेल, तर त्याचा भार जुन्या भिंतीवर येऊ देऊ नका. दर वर्षी जुन्या माळवदावर नवी माती टाकण्याची आपली रीत आहे. त्याने ओझं वाढत जातं. आधी जुनी माती काढा, मगच नवी पसरा.

दोन भाऊ पंगतीत शेजारी बसतात, पण एकमेकांच्या अंगावर रेलत नाहीत. जुन्या घराशेजारी नवी खोली अशीच असावी.

काम काढण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारा. भिंतीला ओळंबा लावून पाहा. कुठे पोट आलं आहे का? कोपऱ्यात उभी भेग आहे का? तसं असेल, तर नवी खोली थांबू द्या. जाणत्या गवंड्याला आणि पंचायत समितीकडच्या अभियंत्याला भिंत दाखवा. आधी जुनी भिंत बांधून घ्या. रात्री लेकरं तिच्याच कडेला झोपतात.