सांध्यात शिरले पाणी

पावसाळ्यात प्लायवुडच्या दाराचे थर सुटलेले तुम्ही पाहिले असतील. असे का होते? चिकटद्रव्याचे रेणू पृष्ठभागाला धरून असतात. पाण्याचे चिमुकले रेणू मध्ये शिरून तीच जागा बळकावतात.

दार बदलता येते, पण विमान? 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांजवळ, 24,000 फुटांवर, एका बोइंग 737 विमानाचे छत उडाले. एक सेविका प्राणास मुकली. त्याचे पत्रे इपॉक्सीच्या पट्टीने व रिव्हेटांनी जोडलेले होते. ही पट्टी शीतकपाटात ठेवीत. बाहेर काढली की तिच्यावर दव धरे. त्यामुळे काही सांधे कच्चे राहिले. त्यांत ओल शिरली, गंज चढला. सारा भार रिव्हेटांवर आला आणि हजारो उड्डाणांनंतर तेथे तडे गेले.

म्हणून काहीही चिकटवण्यापूर्वी ते आधी कोरडे करा!