सहा मिनिटांचा हिशेब

‘बारावीनंतर पायलट व्हायचं तर कुठे शिकावं?’ अशी विचारणा वाढली, तेव्हा संपादकांनी मला राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलवर धाडलं. इतिहास ठाऊक होताच: 1928 साली जुहूत सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब, 1929 मध्ये जेआरडी टाटांना मिळालेला देशातला पहिला परवाना, पुढे धुळे, बारामती, गोंदियाजवळचं बिरसी. मी मात्र अडकलो सेस्ना 172च्या कॉकपिटमधल्या एका बोटभर खिडकीपाशी.

तिला हॉब्ज मीटर म्हणतात. इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब चढला की आकडा सरकू लागतो, दर सहा मिनिटांना एक दशांश तास. विमान आभाळात आहे की धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट बघत उभं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिग्नलला थांबलेल्या रिक्षाच्या मीटरसारखा तो चालूच. नुकतीच उतरलेली एक मुलगी इंजिन बंद करून आधी तो आकडा टिपत होती. हेडसेट अजून कानांवरच. मग प्रशिक्षकाची सही, मग लॉगबुक.

कारण सगळं गणित तासांचं. कमर्शियल परवान्याला 200 तास लागतात. त्यातले 100 विमानाची सूत्रं स्वतःच्या हाती घेऊन, आणि त्यांतले 15 अर्जाआधीच्या सहा महिन्यांत. शिवाय 300 नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री आणि रात्रीची उड्डाणं. तासाला एवढी किंमत आली की खोटेपणाही येतो. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले, लॉगबुकांत न उडालेले तासही सापडले. मीटर खोटं बोलत नाही. लिहिणारा हात बोलतो.

पण खरा घोर वेगळाच. खर्च पन्नास लाखांच्या आसपास, एअरलाइनच्या कॅडेट योजनेतून गेलात तर कोटीच्या घरात. एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, पन्नास लाखांत बहुधा धरलेली नसते. आपल्याकडे पावसाळा आणि रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या सरकारी अकादमीत हिवाळ्यातलं धुकं उड्डाणं अडवतं. विमानं दुरुस्तीत, प्रशिक्षक नोकरी सोडून एअरलाइनकडे. वर्ष-दीड वर्षाचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम मग सहज लांबतो आणि बँकेचं व्याज मात्र थांबत नाही. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर भरतात, पण इथे नोकरी हवी तर डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचे पेपर, 70 टक्क्यांची अट आणि परवान्याचं रूपांतर चुकत नाही. आणि एवढं करून नोकरीची हमी कुणी देत नाही.

तेव्हा पालकहो, फी भरण्याआधी मुलाची क्लास 2 आणि मग क्लास 1 वैद्यकीय तपासणी उरकून घ्या. शाळेत गेल्यावर चकचकीत हँगर पाहू नका. आज किती विमानं उडण्याजोगी आहेत, त्यांवर किती विद्यार्थी आहेत आणि मागच्या तुकडीचे 200 तास किती महिन्यांत भरले, हे विचारा. उत्तर लेखी मागा, आणि सगळी फी एकरकमी कुणालाही देऊ नका.