करपलेला गंज आणि चुलीतली राख

रामनवमीची यात्रा उलगली, माणसे आपापल्या तांड्यांकडे निघाली, की पोहरादेवीत दोन गोष्टी मागे उरतात. एक म्हणजे रस्त्याकडेचा केरकचरा आणि दुसरी म्हणजे भांड्यांचे ढीग. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव बंजारा समाजाची काशी मानले जाते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या आणि जगदंबा देवीच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण, आंध्रातूनही लाखो भाविक येतात. जागोजाग तीन दगडांच्या चुली पेटतात. त्यांवर वीस-वीस, चाळीस-चाळीस लिटरांचे गंज चढतात. (आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचा गंज म्हणजे पातेले बरे का, लोखंडाला चढतो तो गंज वेगळा.) एवढ्या गर्दीत, उघड्या वाऱ्यावर, पऱ्हाटीच्या भडक्या जाळावर शिजवायचे म्हटल्यावर एखादा गंज करपायचाच. तो घासण्याचे काम मात्र यात्रेच्या कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसते. ते बायकांच्या वाट्याला येते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खरिपाच्या तयारीची बैठक घ्यावी म्हणून मी जवळच्या एका तांड्यावर गेलो होतो. बीजप्रक्रियेचे सामान पिशवीत होते. पण बायकांचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांच्या बचत गटाने पै पै साठवून जर्मनची मोठी भांडी घेतली होती आणि लग्नकार्याला, भोग-भंडाऱ्याला ती भाड्याने द्यायची असा त्यांचा व्यवहार होता. त्यातल्या सर्वांत मोठ्या गंजात लापशी लागली होती. तळाला दोन बोटे जाड काळा थर. दोघी जणी वाळू आणि राख घेऊन सकाळपासून बसल्या होत्या.

"सायेब, राखेनं घासू घासू हात सोलले, पण हे करप काही निघत नाई बा," एक वयस्क बाई म्हणाल्या.

आता साहेब म्हटल्यावर काहीतरी सांगणे आलेच. मी सांगून टाकले, "धुण्याचा सोडा टाका, पाणी उकळा आणि रात्रभर तसेच राहू द्या." त्यांनी चांगला मूठ-मूठ सोडा टाकला. सकाळी करप सुटला होता, हे खरे. पण गंज आतून काळाभोर झाला होता आणि हात फिरवला तर खरखरीत लागत होता. पुढे त्यात काही शिजवले की नेमके तिथेच धरू लागले. भाड्याने नेणारे तो गंज पाहून म्हणत, "हा नको, पांढरा द्या." म्हणजे माझ्या सल्ल्याने गटाचे एक कमावते भांडे बसून राहिले. मला त्या बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

घरी येऊन मी कॉलेजातले रसायनशास्त्र आठवू लागलो, तेव्हा चूक कळली. आणि ती माझी एकट्याची नव्हती, आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघराची होती.

आपल्या आजीच्या चुलीवर तांब्या-पितळेची भांडी होती. ती राखेने आणि चिंचेने घासायची, आत कल्हई करून घ्यायची. कल्हईवाला दारावर यायचा, भाता मारायचा, नवसागराचा धूर व्हायचा. पुढे जर्मनची भांडी आली. हलकी, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. नाव जर्मनचे असले, तरी धातू ॲल्युमिनियमच. जर्मन सिल्व्हर म्हणतात तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा निराळाच मिश्रधातू. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत जगाला सापडली १८८६ साली. आपल्या देशात मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने १८९८ साली या धातूची भांडी घडविण्याचे काम सुरू केले. तेव्हापासून हा धातू खेड्यापाड्यांत पोचला. भांडे बदलले, पण घासण्याची रीत आपण जुन्या भांड्याचीच ठेवली. त्यातली चिंच बरोबर होती, राख चुकीची.

कारण असे. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारी साय धरते. ही साय म्हणजे त्या धातूचे चिलखत. तीमुळेच भांडे टिकते. पण ही साय तीव्र आम्लातही विरघळते आणि तीव्र क्षारातही विरघळते. राखेत पालाशाचे क्षार असतात; म्हणून तर पूर्वी राखेच्या पाण्याने कपडे धूत. पऱ्हाटीची, तुराटीची राख तर क्षाराने चांगली भरलेली. धुण्याचा सोडा त्याहून कडक. हे क्षार गरम पाण्यात त्या सायीला खातात, मग खालच्या धातूला खातात. भांडे काळे पडते, खरखरीत होते. खरखरीत बुडात पीठ, डाळ, गूळ अडकून बसतो आणि पुन्हा करपतो. पुन्हा घासा, पुन्हा ओरखडे. वाळूचे कामही तसेच. जितके जोराने घासाल तितके पुढच्या वेळी जास्त लागेल.

मग कुणी विचारील, खायचा सोडा तर सौम्य असतो ना? थंड असतो तोवर सौम्य. पाण्यात घालून उकळला की त्यातला वायू निघून जातो आणि त्याचा हळूहळू धुण्याचा सोडाच बनतो. तेव्हा जर्मनच्या भांड्यात सोडा घालून उकळू नये. लहानसा डाग असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लगदा डागावर पंधरा-वीस मिनिटे लावून ठेवावा आणि हलक्या हाताने चोळून भरपूर पाण्याने धुवावा, एवढाच त्याचा उपयोग. कपड्यांच्या पावडरीतही सोडाच असतो, तीही नको.

आता करपलेला गंज कसा काढावा ते सांगतो. या रीतीने गटाच्या बायकांनी नंतर कितीतरी भांडी काढली.

करपल्याचा वास आला की प्रथम गंज चुलीवरून उतरवावा. तळ ढवळू नये, नाहीतर करपट वास सगळ्या अन्नाला लागतो. वरचे चांगले अन्न दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे. तापलेल्या गंजात गार पाणी एकदम ओतू नये; त्याने बूड फुगते, वाकडे होते आणि मग भांडे चुलीवर नीट बसत नाही. निवू द्यावे. मग करप बुडेल एवढेच पाणी घालावे. चाळीस लिटरांचा गंज गळ्यापर्यंत भरण्याचे कारण नाही, पाच लिटर पुरते. तसेच दोन-तीन तास भिजत ठेवावे. वरचा कोळसा कशातही विरघळत नाही. पण त्याच्या खालचा अर्धवट जळलेला पिठाचा, गुळाचा थर पाणी पिऊन फुगतो, आणि तो सुटला की कोळसा आपोआप सुटतो. सारी किमया तिथे आहे.

भिजल्यावर दर लिटर पाण्याला लिंबाएवढा चिंचेचा गोळा कुस्करून टाकावा. जुनी काळी चिंचही चालते. रामनवमीच्या सुमारास आपल्याकडे चिंचा फोडण्याचे दिवस असतात, तेव्हा चिंचोके काढून उरलेला चोथा फेकू नये, तो याच कामाला ठेवावा. पिळून झालेली लिंबाची सालटी, कैरीच्या साली, आंबट झालेले ताक, हेही चालते. मंद जाळावर दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावे. खालून येणारे बुडबुडे थराला ढकलतात. मग लाकडी पळीने किंवा बांबूच्या चपट्या कामटीने कडेपासून मध्याकडे सरकवावे. उलथने, विळा, पत्र्याचा तुकडा लावू नये. पहिल्या वेळी निम्मा निघाला तर पाणी बदलून पुन्हा तसेच करावे. भांडे रात्रभर ठेवायचे असेल तर साध्या पाण्यात ठेवावे, चिंचेच्या पाण्यात नव्हे. आंबटही जास्त वेळ राहिले की धातू खाऊ लागते. उकळलेले पाणी शोषखड्ड्यात ओतावे, जनावरांच्या हौदात नको.

बोअरच्या जड पाण्यात बटाटे किंवा अंडी उकडली की भांडे आतून काळसर होते, तो करप नव्हे. पाण्यातल्या क्षारांचा तो परिणाम. त्यालाही चिंचेचे पाणी हाच उपाय. टमाट्याची भाजी केली आणि भांडे एकदम पांढरेशुभ्र झाले असे कधी पाहिले असेल. तो काळेपणा कुठे गेला? भाजीत गेला. म्हणून आधी चिंचेने काढावा आणि मग शिजवावे.

काही गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. तुंबलेली मोरी साफ करण्याची पावडर, म्हणजे कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियमवर पडला की भांडे सळसळते, तापते, हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेणारा असतो. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. संडास साफ करण्याचे ॲसिडही तसेच. आणि यात्रेच्या दिवसांत पाणी शुद्ध करण्यासाठी ब्लीचिंग पावडर घरोघर आलेली असते, ती चिंच-लिंबाच्या पाण्यात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद खोलीत तर फारच घातक.

शेतीचा माणूस असल्यामुळे आणखी एक सांगतो. बोर्डो मिश्रण करताना पुष्कळ जण घरातले जर्मनचे घमेले किंवा जुना गंज उचलतात. मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि त्यातले तांबे लालसर होऊन भांड्यावर बसते. मिश्रणातले तांबे कमी, भांड्याला भोके, असे दुहेरी नुकसान. चुन्याचे पाणीही त्याला मानवत नाही. प्लास्टिकची बादली किंवा मातीचे भांडे घ्यावे. आणि औषधासाठी एकदा वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये, मग ते कितीही घासलेले असो.

मुळात करपूच नये म्हणून काय करावे? लापशीचा गूळ सुरुवातीला टाकू नये. दलिया पुरता शिजल्यावर, गूळ वेगळा पाण्यात विरघळवून, गाळून घालावा. गोडाने मिश्रण दाट होते, तळाची उष्णता वर जात नाही आणि गूळ आधी जळतो. गूळ घालताना चुलीतली दोन लाकडे मागे ओढावीत. पातळ पत्र्याचा गंज असेल तर बुडाला बाहेरून मातीचा पातळ लेप द्यावा, ही आपल्या बायकांची जुनीच युक्ती. जाळ एकाच जागी लागत नाही आणि काजळी मातीबरोबर निघून जाते. रिकामा गंज भडक्या जाळावर ठेवू नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि त्याच्या पुष्कळ आधीच मऊ पडते.

नवे भांडे घेताना जाड बुडाचे घ्यावे. भंगार ओतून केलेल्या भांड्यांत शिसे सापडल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत दिसले आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आय.एस. १६६० हे भारतीय मानक आहे आणि २०२४ साली केंद्र सरकारने अशा भांड्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. दुकानदाराला ते चिन्ह दाखवायला सांगावे. कढी, चिंचेचे सार, लोणचे अशा भांड्यात शिजवून रात्रभर ठेवू नये; शिजले की काढून घ्यावे. ॲल्युमिनियम अन्नातून पोटात जाते, त्याची मर्यादा जागतिक तज्ज्ञ समितीने २०११ साली आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम अशी ठेवली आहे. रोजच्या वरणभाताने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाने जपावे.

तो मोठा गंज? चिंचेच्या पाण्याने तीनदा उकळून त्याचा काळेपणा बराच गेला, खरखर मात्र गेली नाही. आता त्यात लापशी करीत नाहीत, लग्नघरी आंघोळीचे पाणी तापवायला तो जातो. त्याचे भाडे कमी घेतात. त्या बाईंनी मला ते हसत सांगितले, आणि चहाही पाजला.

घासायला तारेची घासणी नको असेल तर मृग नक्षत्रात कुंपणाला गिलक्याचे दोन वेल लावावेत. चार-सहा फळे न तोडता वेलावरच पिकू, वाळू द्यावीत. हलवल्यावर आत बी खुळखुळले की तोडावीत, पाण्यात भिजवून साल काढावी, जाळी झटकून सावलीत वाळवावी. वर्षभराच्या घासण्या घरच्या घरी होतात आणि झटकलेले बी पुढच्या मृगाला कामी येते.