दूरस्थ जोडणीतील डिरेक्टरी-विसंगती : फाईल मॅनेजर व एफटीपी यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
फाईल मॅनेजर ही आज्ञावली स्वतःच्या संगणकातील फाईलींप्रमाणेच दूरच्या सर्व्हरवरील फाईलीही एकाच खिडकीत दाखविते. संकेतस्थळावर सूचना चढविणे, विभागाची कागदपत्रे जतन करणे अशा कामांत ही सोय उपयुक्त ठरते. तथापि, खिडकीत दिसणारी डिरेक्टरी आणि सर्व्हरवरील चालू डिरेक्टरी एकच असेल असे नेहमीच गृहीत धरता येत नाही. या दोहोंतील तफावतीची कारणे व उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
एफटीपी या संकेतप्रणालीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ या दस्तऐवजात मांडला. आजही आधारभूत असलेले मानक म्हणजे ऑक्टोबर १९८५ मधील आरएफसी ९५९ होय. या प्रणालीत 'चालू डिरेक्टरी' सर्व्हरच्या स्मरणात असते. सीडब्ल्यूडी या आज्ञेने ती बदलते, तर पीडब्ल्यूडी या आज्ञेला उत्तर म्हणून सर्व्हर २५७ या संकेतांकासह तिचा मार्ग कळवितो. १९८५ च्या मानकात पीडब्ल्यूडी ऐच्छिक होती. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने ती सर्व्हरसाठी आवश्यक ठरविली.

विसंगतीची कारणे :
फाईल मॅनेजर चालू डिरेक्टरीची स्वतंत्र नोंद स्वतःकडेही ठेवतो. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या की त्यांत अंतर पडण्याची शक्यता निर्माण होते. हे अंतर प्रामुख्याने चार प्रकारे पडते.

१) प्रवेशानंतर सर्व्हर वापरकर्त्यास त्याच्या गृह-डिरेक्टरीत नेतो, फाईल मॅनेजर मात्र तिलाच मूळ डिरेक्टरी समजतो. १९९४ च्या आरएफसी १७३८ नुसार एफटीपी पत्त्यातील यजमान-नावानंतरची तिरपी रेघ ही केवळ विभाजक असून पुढील मार्ग प्रवेशाच्या डिरेक्टरीपासून मोजला जातो. हा भेद दुर्लक्षित झाल्यास मार्ग चुकतो.

२) सांकेतिक दुव्यामुळे मार्ग बदलतो. समजा, '/वेब/निकाल' हा दुवा '/संग्रह/निकाल' येथे नेतो. तेथून एक पायरी वर जाताना खिडकी '/वेब' दाखविते. सर्व्हर मात्र '/संग्रह' मध्ये पोहोचतो.

३) डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा ५५० या संकेतांकाने नाकारली गेली आणि फाईल मॅनेजरने ते उत्तर तपासले नाही, तर खिडकी पुढे जाते व सर्व्हर जागीच राहतो.

४) काही काळ हालचाल न झाल्यास सर्व्हर जोडणी तोडतो. पुन्हा जोडणी झाल्यावर सर्व्हर गृह-डिरेक्टरीपासून आरंभ करतो. खिडकीत मात्र जुनीच डिरेक्टरी दिसत राहते.

परिणाम :
यांपैकी चौथा प्रकार विशेष घातक आहे. संकेतस्थळाच्या जवळजवळ प्रत्येक डिरेक्टरीत 'इंडेक्स' नावाची फाईल असते. एखाद्या उपविभागातील इंडेक्स फाईल काढून टाकण्याची आज्ञा दिली असता, प्रत्यक्षात गृह-डिरेक्टरीतील त्याच नावाची फाईल नष्ट होऊ शकते. सर्व्हरच्या दृष्टीने आज्ञा यथायोग्य पार पडलेली असते. त्यामुळे त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. मूळ प्रतीवर दुसरी प्रत चढविली जाण्याचा धोकाही तितकाच आहे.

उपाय :
आज्ञावली रचणाऱ्यांनी प्रवेशानंतर, डिरेक्टरी बदलल्यावर व पुनर्जोडणीनंतर पीडब्ल्यूडीद्वारे सर्व्हरलाच विचारावे आणि मिळालेला मार्ग प्रमाण मानावा. प्रत्येक उत्तराचा संकेतांक तपासावा. पुनर्जोडणीनंतर पूर्वीची डिरेक्टरी प्रथम पूर्ववत करावी. ते न जमल्यास पुढील आज्ञा थांबवावी. फाईल काढताना वा चढविताना शक्यतो पूर्ण मार्ग वापरावा. वापरकर्त्यानेही खंडानंतर यादी ताजी करून घ्यावी व महत्त्वाच्या फाईलींची प्रत स्वतःकडे ठेवावी.

एसएफटीपी या निराळ्या प्रणालीत प्रत्येक विनंतीबरोबर मार्ग पाठविला जातो; सर्व्हरवर बदलती चालू डिरेक्टरी राखली जात नाही. त्यामुळे विसंगतीचे एक मोठे कारण नाहीसे होते. तिच्यात मजकूर सांकेतिक रूपात जात असल्याने सुरक्षिततेचाही लाभ मिळतो. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला, ही बाबही येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
डिरेक्टरी-विसंगती हा दिसण्यात किरकोळ, परंतु परिणामांत गंभीर दोष आहे. एकाच स्थितीच्या दोन नोंदी राखणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत मूळ नोंद कोणती, हे आधी निश्चित करावे लागते. दूरस्थ जोडणीत ती नोंद सर्व्हरकडे असते. खिडकीतील चित्र हे तिचे केवळ प्रतिबिंब होय.