मऊही हवी, टिकाऊही हवी!

भिलाईच्या एका वाचक भगिनीने विचारलंय : ओठांवर लोण्यासारखी मऊ राहील आणि दिवसभर उतरणारही नाही, अशी लिपस्टिक मिळते का? या दोन मागण्यांचं आपसात जमत नाही, हीच खरी गोम आहे. मऊपणा येतो तेलाने, बहुधा एरंडेलाने. आणि तेल असलं की रंग कपाच्या कडेला लागणारच.

कांडीच्या आत मेणाचे सूक्ष्म स्फटिक पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे असतात आणि त्यांच्या पोकळ्यांत तेल अडकून बसतं. भिलाईच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला, की पर्समधल्या लिपस्टिकच्या टोकावर तेलाचे बारीक थेंब जमतात. तिलाही घाम फुटतो! मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबा मेण ८० च्याही पुढे. तेव्हा खोक्यावरच्या बारीक अक्षरांत कार्नौबा शोधा.

आता रंगाचं. विटकरी, तपकिरी छटा देतं आयर्न ऑक्साइड. दल्ली-राजहराच्या खाणींतून भिलाईच्या पोलाद कारखान्यात येणारं हेमॅटाइट म्हणजे रसायन म्हणून तेच. (शिसं, आर्सेनिक नको म्हणून ओठांसाठी मात्र ते कृत्रिमरीत्या बनवतात.)

टिकाऊपणाची गोष्ट निघाली की जाहिरातींतले चेहरे आठवतात. हेझल बिशप कुणाला आठवत नाही. युद्धकाळात विमानाच्या इंधनावर काम केलेल्या या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून १९५० मध्ये न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली. भर होता इओसिनसारख्या ब्रोमीनयुक्त रंगांवर. हे रंग ओठांवर नुसते बसत नाहीत, त्वचेतल्या प्रथिनांनाच धरतात. भिलाईच्या सेक्टर ९ मधल्या हॉस्पिटलातच कशाला, कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्टीवरच्या पेशी गुलाबी करायला इओसिनच लागतं! रंग बाईंनी शोधला नव्हता. तो कसा वापरायचा, हे त्यांनी ओळखलं. पुढे जाहिरातवाल्या भागीदाराशी कोर्टकज्जे झाले आणि स्वतःच्याच नावाची कंपनी त्यांच्या हातून गेली. मग त्या शेअर दलाल झाल्या. माझ्या मते सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय.

आजच्या ‘१६ तास’वाल्या लिपस्टिकमध्ये आयसोडोडेकेन हे द्रावक उडून जातं आणि सिलिकोन रेझिनचा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो पाण्याला दाद देत नाही, पण तेलापुढे त्याचं फारसं चालत नाही. तेलात तळलेल्या मूगोडीची एक प्लेट संपेपर्यंत ते १६ तासही संपतात. शिवाय ओठांना तैलग्रंथी जवळजवळ नसतातच, त्यामुळे पापुद्र्याखाली ते कोरडे पडतात.

म्हणून तडजोड करा. आधी बाम लावून दहा मिनिटांनी टिपून घ्या. मग मऊ लिपस्टिकचा पातळ हात, टिश्यूने दाबून जास्तीचं तेल काढायचं, वर दुसरा पातळ हात. दुकानात मनगटावर लावून बोटाने चोळून पाहा. बोट लालभडक झालं तर टिकण्याचा दावा विसरा. आणि रात्री लिपस्टिक साबणाने घासत बसू नका, खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात.