कोंबड्याचे वीर्य थंडीत टिकवायचे कसे?

जवसाचे तेल फार दिवस ठेवले की खवट होते. तूप त्यामानाने पुष्कळ टिकते. उलट, पौषातल्या थंडीत तूप थिजते, जवसाचे तेल मात्र वाहतेच राहते. गारठ्यातही न थिजणारी स्निग्धाम्ले प्राणवायूच्या तावडीत लवकर सापडतात. कोंबड्याच्या शुक्रजंतूचे पातळ आवरण अशाच स्निग्धाम्लांनी समृद्ध असते, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

जातिवंत कोंबड्याचा वंश वाढवायचा तर कृत्रिम रेतन सोयीचे. एका वेळचे वीर्य सहसा अर्धा मिलिलिटरही नसते, पण विरळ केले की अनेक कोंबड्यांना पुरते. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतूंसाठी सूक्ष्म कोठारेच असतात. तिथे ते दोन आठवडेही जगतात. बाहेर मात्र तासाभरातच त्यांचा जोम ओसरू लागतो. अकोल्याहून अकोटमार्गे हिवरखेडला एस.टी. पोचेपर्यंत सारा खेळ आटोपलेला!

१९४९ साली इंग्लंडात पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरॉल वापरून कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवले व पुन्हा हालते केले. पण ग्लिसरॉल वीर्यात राहिले तर फलन होणे कठीण. म्हणून एखाद्या दिवसापुरते वीर्य योग्य द्रावणात मिसळून ५ अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू थंड करणेच बरे. थंडीने रासायनिक क्रिया मंदावतात, थांबत नाहीत. आवरणातला एक रेणू बिघडला की तो शेजाऱ्याला बिघडवतो, अशी साखळीच लागते.

चहा, डाळिंब, रोझमेरी यांच्या अर्कांतील फिनॉलवर्गीय द्रव्ये उपद्रवी रेणूंना आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. असे अर्क कोंबड्याच्या वीर्यात घालून प्रयोग झालेले आहेत. मात्रा जमली तर शुक्रजंतू अधिक वेळ हालते राहतात. मात्रा वाढली की तोच अर्क विषासारखा वागतो.

हिवरखेड-अकोट भागात पानमळे आहेत आणि विड्याच्या पानातही ही द्रव्ये भरपूर. मग तेच का नको? प्रश्न रास्त आहे. पण हे पान जंतुनाशकही आहे. जिवाणूंना मारणारा अर्क शुक्रजंतूंना सोडील, हे गृहीत कसे धरावे? त्यासाठी एकाच वीर्याचे भाग करावे लागतील. एक अर्काविना, बाकीच्यांत चढत्या मात्रा, तापमान सर्वांचे सारखे. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. माझ्या मते एवढ्यावर निकाल देऊ नये. रेतनानंतरची अंडी उबवायला ठेवावीत आणि सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरावीत. लाल शिरांचे जाळे दिसले, तर अंडे फलित.